विजयेचें नित्य सेवन आणि घरचें कर्तव्य

कांहीं विषय असे असतात कीं, त्यांचा घरांत उच्चार झाला म्हणजे वडील मंडळी चष्मा पुसूं लागतात, स्त्रिया स्वयंपाकघराकडे वळतात आणि ज्याच्याविषयीं बोलावयाचें तो मुलगा जिना चढून माडीवर निघून जातो. भांग आणि गांजा हा असाच एक विषय आहे. दारूविषयीं आपल्या घरांतून आतां पुष्कळ बोललें जातें. तंबाखूच्या वेष्टनावर तर सरकारच चित्र छापून बोलतें. परंतु भांगेविषयीं दोनच भाषा ऐकूं येतात. एक, 'शंकराचा प्रसाद आहे, झाडपाला आहे, त्यानें काय होतें !' आणि दुसरी, 'गंजेटी झाला, आतां त्याचें नांव काढूं नका !' ह्या दोहोंपैकीं कोणत्याहि भाषेनें त्या माणसाच्या छातीचें, मेंदूचें किंवा संसाराचें रक्षण होत नाहीं. जो नित्य घेतो आणि आज-उद्यां तरी सोडणार नाहीं, त्याला होणारा अपाय कमी कसा करतां येईल, हा तिसरा प्रश्न आहे. आणि त्याचाच विचार आम्ही येथें करणार आहों.

प्रारंभींच एक खुलासा. ही वस्तु मुळींच न घेणें हाच सर्वांत निर्धोक मार्ग होय. हें एकदां सांगून ठेवलें म्हणजे पुढें प्रत्येक वाक्याच्या शेपटास तें बांधीत बसण्याचें कारण उरत नाहीं. डोहांत उतरूं नको असें शंभर वेळां सांगूनहि जो उतरणारच, त्याला खोल पाणी कोठें आहे तें दाखविणारा माणूस बुडण्यास उत्तेजन देतो, असें कोणी म्हणत नाहीं.

ही गोष्ट आतां मूठभर बैराग्यांची राहिलेली नाहीं. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय खात्यासाठीं दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेनें केलेली देशव्यापी पाहणी २०१९ सालीं प्रसिद्ध झाली. तींत दहा ते पंचाहत्तर वर्षें वयाच्या लोकांपैकीं वर्षभरांत भांग, गांजा अथवा चरस घेतलेले सुमारें ३ कोटि १० लाख लोक निघाले, आणि त्यांतील सुमारें ७२ लाखांस त्या सेवनापायीं मदतीची गरज आहे असें ठरलें. म्हणजे घेणारा प्रत्येक जण बिघडतो असें नाहीं. पण चारांपैकीं जवळजवळ एक जण अडचणींत येतो. चार नातवंडांच्या घरांत हें प्रमाण थोडें नव्हे.

आमच्यासारख्या संस्कृत शिकलेल्या माणसास येथें थोडें विषयांतर करण्याचा मोह आवरत नाहीं. अथर्ववेदांत भंगेचा उल्लेख सोमाच्या सोबतीनें येतो. पाणिनीनें तर भंगेच्या शेताला काय म्हणावें ह्याचीहि सोय करून ठेविली आहे. भाङ्ग्य म्हणा किंवा भाङ्गीन म्हणा. मात्र तिला त्यानें तीळ, उडीद आणि जवस ह्यांच्या पंक्तीला बसविलें आहे, तेव्हां ती बहुधा दोऱ्यासाठीं व बियांसाठीं पेरलेली असावी. मादक द्रव्य म्हणून तिचा नेमका विचार मध्ययुगीन वैद्यांनीं केला. शार्ङ्गधरानें तिला अफूच्या बरोबरीनें 'व्यवायी' ह्या वर्गांत घातलें. व्यवायी म्हणजे पचण्यापूर्वींच जें सर्व शरीर व्यापून टाकतें तें. 'आपल्या पूर्वजांनीं घेतली, आम्ही कां घेऊं नये ?' असें विचारणाऱ्या तरुणांनीं हें लक्षांत ठेवावें कीं, पूर्वजांनीं तिला औषध म्हटलें तेव्हां मात्रा, काल, वय आणि प्रकृति हे चार पहारेकरी तिच्याभोंवतीं उभे केले होते. आजच्या सेवनांत वस्तु तेवढी राहिली आहे आणि पहारेकरी रजेवर गेले आहेत.

पूर्वजांचा दाखला संपला म्हणजे दुसरा दाखला निघतो तो इंग्रज सरकारच्या आयोगाचा. १८९३ सालीं नेमलेल्या ह्या आयोगानें हिंदुस्थानभर फिरून ११९३ साक्षी घेतल्या. आपल्या इलाख्यांत गांज्याचें पीक मुख्यतः अहमदनगर जिल्ह्यांत, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यांत, निघत असे. १८९४ च्या अहवालाचा निष्कर्ष असा कीं, माफक सेवनानें सामान्यतः फारसा अपाय होत नाहीं, अतिरेकानें होतो. ह्या अहवालांतील आम्हांस सर्वांत उद्बोधक वाटणारा भाग वेड्यांच्या इस्पितळांच्या दप्तरांविषयींचा आहे. १८९२ सालीं गांज्या-भांगेनें वेडे झालेले म्हणून २२२ रोगी नोंदलेले होते. आयोगानें एकेकाची कसून चौकशी केली, तेव्हां त्यांपैकीं ९८ जणांच्याच बाबतींत तसें म्हणण्यास कांहीं आधार सांपडला. बऱ्याच ठिकाणीं कारणाच्या रकान्यांत पोलिसांच्या टिपणांतला शब्द तसाच उतरून घेतलेला होता ! लोकापवाद कागदावर चढला म्हणजे त्याला पुराव्याचें रूप कसें येतें, ह्याचें हें उत्तम उदाहरण होय.

परंतु आजच्या तरुणानें ह्या अहवालाआड लपूं नये. आयोगानें पाहिलेला माणूस आणि आजचा माणूस ह्यांत फरक आहे. त्याहून अधिक फरक मालांत आहे. झाड एकच, त्याच्या पानांची ती भांग, मादीझाडाच्या फुलोऱ्याचा तो गांजा आणि चिकाचा तो चरस. मद आणणारें मुख्य द्रव्य, ज्याला थोडक्यांत टीएचसी म्हणतात, तें १९६४ सालीं इस्राएलमध्यें मेशूलम व गाओनी ह्या रसायनशास्त्रज्ञांनीं शुद्ध स्वरूपांत वेगळें काढलें. तेव्हांपासून झाडाच्या निवडक जाती पैदा करून हें द्रव्य वाढवीत नेण्यांत आलें आहे. काढलेलें तेल तर निव्वळ अर्कच म्हणावा लागेल. तेव्हां पहिला नियम हा कीं, घेणाऱ्यानें सौम्य तें घ्यावें, तेल व अर्क ह्यांच्या वाटेस जाऊं नये, आणि प्रयोगशाळेंत तयार केलेल्या कृत्रिम नकला तर सर्वस्वी टाळाव्या. त्यांनीं झटके येऊन माणसें दगावलेलीं आहेत.

ह्यापुढील गोष्ट वयाची, आणि तिच्यावर आम्ही जरा रेंगाळणार आहों. मेंदूची वाढ विसाव्या वर्षानंतरहि कांहीं काळ चालूच असते. स्वीडनमध्यें सक्तीच्या सैनिकी भरतीस आलेल्या ४५,५७० तरुणांची माहिती पंधरा वर्षें ठेवून १९८७ सालीं जो निबंध प्रसिद्ध झाला, त्यांत भरतीच्या वेळेपर्यंत, म्हणजे सुमारें अठराव्या वर्षापर्यंत, पन्नासाहून अधिक वेळां ही वस्तु घेतलेल्यांत पुढें छिन्नमनस्कता हा विकार होण्याचें प्रमाण न घेणाऱ्यांच्या सहापट आढळलें. सहापट म्हणजे सगळेच वेडे झाले असें नव्हे. मूळचें प्रमाण शेंकड्यास एकाच्या आसपास असल्यामुळें सहापट होऊनहि बहुतेक जण त्यांतून सुटतात, आणि व्यसनानें विकार आला कीं विकाराच्या आरंभींच्या अस्वस्थतेनें व्यसन आलें, हा वादहि अद्याप पुरता मिटलेला नाहीं. पण जो सुटत नाहीं तो बहुधा कोणत्या घरांतला, ह्याविषयीं मात्र फारसा वाद नाहीं. ज्याच्या रक्ताच्या नात्यांत असा विकार पूर्वीं होऊन गेला आहे, त्याला ही वस्तु इतरांपेक्षां फार अधिक घातक आहे. त्याच्या बाबतींत 'थोडी घे' असें सांगण्यासहि जागा नाहीं.

आणि येथेंच आपल्या घरांची खरी परीक्षा आहे. आपल्याकडे एखाद्या आत्येला किंवा काकाला असा आजार झाला, तर ती गोष्ट पहिली लपविली जाते ती लग्नाच्या बाजारापासून आणि दुसरी लपविली जाते ती घरच्या मुलांपासून. 'काका काशीस गेले', 'आत्याची प्रकृति नाजुक होती' अशीं वाक्यें आम्हीं स्वतः लहानपणीं ऐकलीं आहेत, आणि त्यांचा अर्थ कळावयास आम्हांस चाळिशी गांठावी लागली. परगांवीं वसतिगृहांत राहाणाऱ्या मुलाच्या हातीं मित्र सिगारेट देतो, तेव्हां तीच सिगारेट मित्राला एक संध्याकाळ पुरते आणि ह्याला आयुष्यभर पुरूं शकते, हें त्यास ठाऊक असण्याचा त्याचा हक्क नाहीं काय ? कुळाचा देव, गोत्र, प्रवर आपण मुलांस मुंजीपूर्वीं पाठ करवितों. मातृपक्षाकडून व पितृपक्षाकडून चालत आलेले आजारहि घर सोडण्यापूर्वीं त्यांस सांगावे. त्यानें घराण्याची अब्रू जात नाहीं.

नित्य सेवनांत सर्वांत मोठा फरक पडतो तो वारंवारतेनें. युरोप व ब्राझील येथील अकरा ठिकाणीं केलेला व २०१९ सालीं प्रसिद्ध झालेला एक अभ्यास सांगतो कीं, रोज घेणाऱ्यांत मनोविकृतीचें प्रमाण न घेणाऱ्यांच्या सुमारें तिप्पट आणि जालीम माल रोज घेणाऱ्यांत जवळजवळ पांचपट होतें. कॅनडांतील तज्ज्ञांनीं ह्या विषयीं जे नियम २०११ सालापासून प्रसिद्ध केले व पुढें दोन वेळां सुधारले, त्यांतहि आठवड्यांतून एक-दोन दिवसांवर जाऊं नये ह्यावर भर आहे. रोजच्याला एकदम तेवढ्यावर येणें जमत नसेल, तर त्यानें निदान सकाळची सोडावी, मग कामाच्या दिवसांची सोडावी, आणि झोप येण्यासाठीं म्हणून घेण्याची संवय लागूं देऊं नये. कारण ती संवय लागली कीं पुढें झोपच ओलीस राहाते. आम्ही शिक्षक असल्यामुळें आमचा वहीवर विश्वास आहे. किती वेळां घेतली तें रोज लिहावें. बरेच जण आठवड्यांतून तीनदां घेतों असें प्रामाणिकपणें समजत असतात, आणि वही मात्र दुसरेंच सांगते.

धुराविषयीं थोडक्यांत. चिलमीचा दम मारून तो छातींत कोंडून धरण्यानें मद फारसा वाढत नाहीं. वाढतें तें फुप्फुसांवर बसणारें डांबर. १८८८ नव्हे, १९८८ सालींच हें मोजून झालें आहे : तंबाखूच्या सिगारेटपेक्षां ह्या धुरांतलें सुमारें तिप्पट डांबर आंत गेल्याचें आढळलें, आणि त्याचें कारण हेंच मोठे झुरके व लांबविलेला दम. ओढणाऱ्यानें झुरका उथळ घ्यावा व लगेच सोडावा. गांज्यांत तंबाखू मिसळण्याची आपल्याकडची चाल अधिकच वाईट, कारण त्यानें एका व्यसनाच्या पाठीवर बसून दुसरें घरांत येतें, आणि तें दुसरें अधिक चिवट असतें. एकच चिलीम आणि एकच ओली छापी दहा तोंडांतून फिरते, तिच्यामागून खोकला व क्षयहि फिरतात, हें वेगळें सांगावयास नको.

'मग धूर नको, भांग प्यालेली बरी' असें कोणी म्हणेल. फुप्फुसांपुरतें तें खरें आहे. पण भांगेचा धोका घड्याळांत आहे. ओढलेला धूर कांहीं मिनिटांत डोक्यांत जातो. प्यालेली भांग अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत मुकाट बसते. मध्यंतरीं यकृतांत टीएचसीचें रूपांतर अधिक प्रखर द्रव्यांत होतें. होळीला किंवा महाशिवरात्रीला घडणारे बहुतेक प्रसंग ह्याच मधल्या तासांत शिजतात. पहिल्या पेल्यानें कांहींच झालें नाहीं म्हणून मंडळी दुसरा घेतात. मग दोन्ही पेले एकदमच वर येतात, आणि थंडाईंतील बदाम-बडीशेपेच्या स्वादामुळें किती पोटांत गेली ह्याचा पत्ताहि लागत नाहीं. छाती धडधडणें, भ्रम, प्राण जातो असें भय वाटणें हे प्रकार सहा-आठ तास, कधीं त्याहून अधिक टिकतात. म्हणून पहिला पेला लहान घ्यावा आणि दुसरा त्या दिवशीं घेऊंच नये. कॅनडांत १७ ऑक्टोबर २०१८ पासून ही वस्तु कायदेशीर झाली. तेथें खाण्याच्या एका पुडक्यांत १० मिलिग्रॅमहून अधिक टीएचसी घालतां येत नाहीं व तो आंकडा वर छापावा लागतो. ज्यांचीं मुलें-सुना टोरांटोकडे आहेत त्यांनीं तो आंकडा वाचावयास शिकून घ्यावें, कारण ह्या गोळ्या दिसावयास खाऊसारख्या असतात आणि नातवंडांचे हात कपाटापर्यंत पोंचतात. आपल्या घोट्याला तर आंकडाच नसतो. घरांत अशी वस्तु असेलच, तर ती कुलुपांत ठेवावी.

प्रकृतीच्या बाबतींत वडील मंडळींनींहि स्वतःस वगळूं नये. वर्षांतून एकदां 'प्रसाद' घेणारे साठीचे गृहस्थ आम्हांस पुष्कळ ठाऊक आहेत. ह्या द्रव्यानें नाडी जलद होते. धूर ओढल्यानंतरच्या पहिल्या तासांत हृदयविकाराच्या झटक्याचा संभव सुमारें पांचपट होतो, असें २००१ सालच्या एका अमेरिकन अभ्यासांत दिसलें. हृदयाचें दुखणें असलेल्यांनीं, रक्त पातळ करणारीं किंवा झोपेचीं औषधें घेणाऱ्यांनीं ती टाळावी, आणि दारूबरोबर तर कोणीच घेऊं नये. गर्भवती व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनीं कोणत्याहि रूपांत घेऊं नये. मूल कमी वजनाचें उपजण्याचा धोका असतो. ओढल्यावर निदान सहा ते आठ तास आणि प्यालेल्या भांगेनंतर त्याहूनहि अधिक वेळ दुचाकी वा मोटार हांकूं नये. घेणाऱ्याला आपण शुद्धीवर आहों असें वाटतें, पण हात-डोळ्यांचा मेळ तेव्हां बसलेला नसतो.

आमच्या परिचयाच्या एका कुटुंबांत बाविशीच्या मुलास अकारण उलट्या होऊं लागल्या. दर महिन्या-दीड महिन्यानें चार दिवस पोटांत पाणी ठरेना. आई पित्त म्हणून आवळासुपारी देई, आजोबा पंचांग पाही, आणि मुलगा दिवसांतून पांच-सहा वेळां कढत पाण्यानें स्नान करी. तेवढ्यापुरतें त्याला बरें वाटे. दुर्बिणीनें जठर पाहून झालें, सोनोग्राफी झाली, निष्पन्न कांहीं नाहीं. शेवटीं एका डॉक्टरीणबाईंनीं सर्वांस बाहेर बसावयास सांगितलें. आंत दोन मिनिटांत उलगडा झाला : तीन वर्षें रोज गांजा. दीर्घ सेवनानें होणाऱ्या ह्या उलट्या व ऊन पाण्याची ही विलक्षण ओढ ऑस्ट्रेलियांतील डॉक्टरांनीं २००४ सालींच वर्णन करून ठेविली आहे. उपाय एकच, वस्तु बंद करणें. ह्यापूर्वींच्या प्रत्येक डॉक्टरानें मुलास व्यसनाविषयीं विचारलें होतें. पण प्रत्येक वेळीं खोलींत आजोबा होते. एकत्र कुटुंबांत रुग्णाबरोबर चार माणसें जाणें हें प्रेमाचें लक्षण असलें, तरी पंधरा मिनिटें दाराबाहेर बसणें हेंहि प्रेमच होय.

कायद्याचें भयहि कित्येकांस डॉक्टरांपासून दूर ठेवतें. १९८५ च्या अंमली पदार्थांच्या कायद्यानें गांजा व चरस जवळ बाळगणें व घेणें हा गुन्हा आहे. फुलोऱ्यावांचूनचीं नुसतीं पानें त्या व्याख्येबाहेर असल्यामुळें भांगेचा कारभार राज्यांच्या कायद्यांकडे आहे. पण त्याच १९८५ च्या कायद्याच्या कलम ६४-अ मध्यें, सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेला व्यसनी स्वेच्छेनें सरकारी वा सरकारमान्य संस्थेंत उपचार घेऊन ते पुरे करील, तर त्याला खटल्यापासून संरक्षण दिलेलें आहे, हें फार थोड्यांस ठाऊक असतें. पुण्यास डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट ह्यांनीं १९८६ सालीं स्थापन केलेलें मुक्तांगण आहे. सल्ला पाहिजे असल्यास सरकारनें १४४४६ हा विनामूल्य दूरध्वनि ठेविला आहे. कानांत आवाज ऐकूं येणें, सर्वजण आपल्यावर पाळत ठेवतात असें वाटणें, जिवाचें बरेंवाईट करण्याच्या गोष्टी निघणें ह्यांपैकीं कांहींहि दिसलें, तर मात्र दूरध्वनीवर वेळ न दवडतां त्याच दिवशीं मनोविकारतज्ज्ञ गांठावा.

आणि एखाद्यानें सोडावयाचें ठरविलें, तर पहिले पंधरा दिवस घराला ठाऊक असावे. एक-दोन दिवसांतच चिडचीड सुरू होते. अन्न नकोसें वाटतें, घाम येतो, झोप उडते. पहिला आठवडा सर्वांत कठीण जातो व बहुतेक त्रास दोन-तीन आठवड्यांत ओसरतो. ह्या दिवसांत 'बघा, सोडली तरी स्वभाव तसाच !' असें म्हणून ताट पुढें ढकलणारीं माणसें आम्हीं पाहिलीं आहेत. त्यापेक्षां पेज, ताक, मऊ भात जें उतरेल तें द्यावें, संध्याकाळीं चालावयास बरोबर जावें, त्या पंधरवड्यांत नोकरीची किंवा लग्नाची गोष्ट काढूं नये. रात्रीं फार स्पष्ट आणि कधीं भयंकर स्वप्नें पडतात. वर्षानुवर्षें दबलेलीं स्वप्नें परत येतात तीं अशीच येतात, आणि तीं इतर त्रासांपेक्षां कांहीं दिवस अधिक रेंगाळतात. हें त्याला आधींच सांगून ठेवावें, नाहीं तर पहाटे तीन वाजतां दचकून उठलेला मुलगा आपल्याला वेड लागलें असें समजतो आणि पुन्हां पुडी शोधूं लागतो. त्या वेळीं माजघरांत कोणीतरी जागें असावें.